पहाटेची तडतड

आमच्या ह्यांना एखादी वस्तू बाजारात तयार मिळते असं सांगायची सोय नाही. लगेच विचारतात, "मग मी काय करू?" तुम्ही काही करू नका, रिटायर झालात, स्वस्थ बसा, असं म्हटलं की दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग गन, तारांची भेंडोळी आणि पोह्यांची बशी एका रांगेत मांडलेली असते. पोह्यात एकदा मला वायरचा तुकडा सापडला होता. "तांब्याचा आहे, काही होत नाही," म्हणाले.

श्यामसुंदर त्यांचं नाव. छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. मी हेमा, शाळेत गणित शिकवायचे. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली आणि गेली सहा वर्षं आम्ही वाघोलीच्या एका सोसायटीत राहतो. इथे चौसष्ट फ्लॅट आहेत, दोन लिफ्ट आहेत, त्यातली एक चालते.

लग्नाआधी मी व्हायोलिन शिकत होते. चांगली सोळा वर्षं. लग्नानंतर सासूबाईंना संध्याकाळी डोकेदुखी असायची, म्हणून व्हायोलिन दार लावून वाजवायचं. मग शाळा, मग मुलं, मग वह्यांचे गठ्ठे. पण सोडलं नाही हं मी. दार लावून का होईना, वाजवत राहिले. लोकांसमोर मात्र कधीच नाही.

या गणपतीत सोसायटीच्या आमोदने गळ घातली. आमोद म्हणजे आमचा सांस्कृतिक सेक्रेटरी, पंचेचाळिशीचा उत्साही माणूस. "काकू, तुम्ही इतकं छान वाजवता, जिन्यात ऐकू येतं. पंधरा मिनिटं वाजवा." मी नाही-नाही म्हणत हो म्हटलं. नवी साडी नेसले. घोडीला, म्हणजे तारा टेकतात त्या लाकडी पट्टीला, आवाज पकडणारी ती छोटी टिकली चिकटवली, तिची वायर हॉलच्या यंत्रणेला जोडली, आणि स्पीकरमधून जे सुरू झालं, घूंऽऽऽ! माझा सूर कुठेतरी मागे आणि पुढे नुसती घूं. तिसऱ्या रांगेतून एक गृहस्थ म्हणाले, "अहो, तो मिक्सर बंद करा कोणीतरी." सगळा हॉल हसला.

मी अर्ध्यात गज खाली ठेवला, व्हायोलिन पेटीत घातलं आणि तिसऱ्या मजल्यावर जिन्याने चढून आले. बाथरूमचा नळ मोठा सोडला आणि रडले. चौसष्टाव्या वर्षी, नव्या साडीत, रडले. हे दाराबाहेर उभे. "हेमा, दोष तुझा नाहीये. हॉलला अर्थिंगच नाही. बिल्डरने ते फक्त माहितीपत्रकात दिलंय." यांचं सांत्वन हे असं असतं.

बाहेर आल्यावर मी सांगून टाकलं, आता पुन्हा कधीही लोकांसमोर वाजवणार नाही.  दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना हे म्हणाले, "तुझ्यासाठी असा प्रीअँप करतो की त्याचा भिंतीतल्या विजेशी संबंधच येणार नाही. सगळा बॅटरीवर. आणि व्हॉल्व्हचा."

प्रीअँप म्हणजे काय ते मला त्यांनी तीनदा समजावलं. माझ्या टिकलीतून जो बारीकसा आवाज निघतो, तो मोठ्या स्पीकरला पुरेल एवढा करून देणारा डबा, एवढंच मी लक्षात ठेवलं. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्या. करंगळीएवढे दोन व्हॉल्व्ह त्यांनी जुन्या बाजारातून शोधून आणले, एक जादा. नऊ व्होल्टच्या आठ बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या, व्हॉल्व्ह पेटवायला टॉर्चमधला एक जाडा सेल. डब्यासाठी माझ्या शिवणाच्या मशीनचा सागवानी खण गेला. विचारलं नव्हतं. मी खण शोधत होते तेव्हा म्हणाले, "जुनं सागवान आहे गं, असं आता मिळत नाही." जसा काही माझ्याच माहितीत भर घालत होते.

नवरात्र आलं. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. विळी, सुऱ्या, माझी कात्री, सगळं पाटावर मांडायचं, हळद-कुंकू, झेंडूचं फूल. यांचे पेचकस आणि मीटरही मांडावेत असं मला दर वर्षी वाटतं आणि दर वर्षी आमचं वाजतं. "माझ्या मीटरला हळद लावायची नाही. रीडिंग काय देव देणार आहे का?" एकोणचाळीस वर्षं हेच वाक्य. यांचा देवावर विश्वास नाही. माझा आहे, तो मी यांच्यावर लादत नाही, फक्त दर वर्षी एकदा भांडते.

या वर्षी मात्र भांडण झालंच नाही, कारण मी घरी नव्हते. लोणी काळभोरला माझ्या भावाकडे गेले होते. वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. दसऱ्याच्या संध्याकाळी परत आले तर देव्हाऱ्याच्या फळीवर कुंकू सांडलेलं, करंड्याचं झाकण वाकडं बसवलेलं. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सोजरबाई आल्या. त्या आमच्याकडे धुणंभांडी करतात, इथल्याच जुन्या गावातल्या. मी दारातच सुरू झाले.

"देवाकडे एवढं कुंकू कोणी सांडलं?"

"म्या न्हाई वो बाई. म्या देवाला हातबी लावला न्हाई."

"मग काय देवाने स्वतः लावून घेतलं?"

सोजरबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग आतल्या खोलीकडे पाहिलं, आणि भांड्यांशी गेल्या. पुढचे दोन दिवस आमच्याकडे पातेली अशी काही आपटत होती की खालच्यांनी विचारलं, काही काम काढलंय का.

इकडे डबा तयार झाला होता. दुपारी तीन वाजता यांनी घरातल्या छोट्या स्पीकरला जोडून दिला. मी टिकली लावली, गज टेकवला आणि थांबले. पुन्हा टेकवला. घूं नाही, सूं नाही, काही नाही. फक्त माझा सूर, उबदार, भरलेला, खोलीभर. इतक्या वर्षांत मला माझं व्हायोलिन असं ऐकू आलंच नव्हतं. हे समोर उभे होते, हातात पेचकस. मी म्हटलं, "बरं झालंय." तोंडावर एवढंच कौतुक करायची आमच्याकडे पद्धत आहे. त्यांना कळायचं ते कळलं.

आमोदला बातमी लागली. दिवाळी पहाटेचा कार्यक्रम क्लबहाऊसच्या पुढच्या हिरवळीवर, पहाटे साडेपाचला. "काकू, पहिली वीस मिनिटं तुमची!" मी म्हटलं, आधी एकदा त्याच जागी, त्याच वेळी वाजवून बघणार. आवाज स्वच्छ आला तर येईन. दुसऱ्यांदा लोकांचा मिक्सर व्हायची माझी तयारी नाही.

पहाटे साडेपाचला आम्ही तिघं खाली. हिरवळ दवाने ओली, हवेत चांगला गारवा. डबा चालू केला आणि दोन मिनिटांत स्पीकर बोलायला लागला. तड. तडतड. तडतडतड. फोडणीत मोहरी टाकावी तसं. आमोद म्हणाला, "काकू, कदाचित लोकांना फटाके वाटतील." मी व्हायोलिन पेटीत ठेवलं.

"सांगून टाका याला, मी नाही वाजवणार."

"आठवडाभर दे," हे म्हणाले.

आमोद म्हणाला, "काका, शनिवारी सकाळी मला नाव पक्कं हवं. नाहीतर मी तिथे कराओके ठेवतो." कराओके म्हटल्यावर यांचा चेहरा असा झाला की मला जरा बरंच वाटलं.

घरी आलो. दुपारी लावून पाहिला तर डबा गपगार. एकदम शहाणा. दुसऱ्या दिवशी पहाटे बाल्कनीत ठेवला तर पुन्हा तडतड. पहिला संशय बॅटऱ्यांवर. आठच्या आठ नव्या आणल्या. दुपारी शांत, पहाटे तडतड. मग संशय व्हॉल्व्हवर. दोन्हींची अदलाबदल केली, जादाचा लावून पाहिला. दुपारी शांत, पहाटे तडतड. मग फ्रिज बंद, वायफाय बंद, माझा मोबाईल बंद. मी म्हटलं, "मीही खाली जाऊन उभी राहू का?"  ते खरंच विचार करत होते.

शेवटी त्यांना साक्षात्कार झाला. पाण्याचा पंप! सोसायटीचा पंप पहाटे सव्वापाचला सुरू होतो. हाच तो. आमोदच्या मागे लागून त्यांनी तो तासभर बंद ठेवायला लावला. पंप बंद, चौसष्ट घरांत शांतता, आणि आमच्या बाल्कनीत तडतड, तडतड. पावणेसहाला सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडला. सहाला बी विंगच्या चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ डोक्याला शॅम्पू लावलेल्या अवस्थेत, पंचा गुंडाळून आमच्या दारात. यांनी दार उघडलं आणि अगदी गंभीरपणे सांगितलं, "पंपाचा दोष नाहीये. पंप निर्दोष आहे." ते म्हणाले, "माझं डोकंही निर्दोष आहे हो, पाणी सोडा!"

मी आतून हसले. खूप हसले. पण त्या दुपारी जेवताना हे भातात नुसते बोटं फिरवत बसले होते. मग म्हणाले, "हेमा, मला नाही सापडत."

एकोणचाळीस वर्षांत हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. मिक्सर, टीव्ही, मुलाचा कॉम्प्युटर, शेजाऱ्यांची डोअरबेल, यांना न सापडलेलं काही नाही. आणि सापडलं नाही तरी "सापडत नाही" असं म्हणणाऱ्यातले हे नव्हेत. मला खरं तर चिडायचं होतं. पण चिडता येईना. इतकं वाईट वाटलं की मी उगाच त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.

शुक्रवार उजाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमोदला नाव द्यायचं. हे आतल्या खोलीत जरा पडले होते. डबा स्वयंपाकघरालगतच्या टेबलावर, चालू, छोट्या स्पीकरला जोडलेला. यांनी सकाळपासून तसाच ठेवला होता, काही बोलतो का बघायला. बोलत नव्हता. मी चकलीची उकड काढली होती. पातेलं आणून टेबलावर ठेवलं, झाकण उचललं, भसकन वाफ आली आणि डबा म्हणाला, तड.

मी झाकण ठेवलं. पाच-सात मिनिटांत डबा गप्प. पुन्हा पातेलं जरा गरम केलं, पुन्हा डब्याशेजारी झाकण उचललं. तडतड. पुन्हा ठेवलं. गप्प. पुन्हा उचललं. तडतडतड. तीनदा केलं. गणिताच्या बाईला एकदा होऊन पुरत नाही.

"अहो, ऐकलंत का! बाहेर या आधी. चष्मा घेऊन या."

ते आले. मी झाकण उचललं. डबा तडतडला. ते जागच्या जागी उभे राहिले, वाफेकडे बघत.

"ओल," म्हणाले. "अगं, ओल! दव! दुपारी कोरडं असतं म्हणून गप्प. आत कुठेतरी काहीतरी ओल धरतंय आणि वीज जिथून जायला नको तिथून जातेय." मग माझ्याकडे बघून, "तुला कसं सुचलं?"

"मला कशाला सुचतंय? चकल्यांना सुचलं."

आता त्यांच्या अंगात वारं शिरलं. बॅटऱ्या काढल्या, स्क्रू काढले, व्हॉल्व्ह ज्या पांढऱ्या चिनीमातीच्या खोबणीत बसतात, ती खोबण असलेली पट्टीच उलटी केली. इतके दिवस वरून बघत होते. खालच्या बाजूने आज पहिल्यांदा पाहिलं. मी टॉर्च धरला, त्यांनी भिंग धरलं. पहिल्या खोबणीच्या पोटाला, दोन पायांच्या मध्ये, काहीतरी लालसर चिकटून सुकलेलं होतं. ओघळ आलेला.

"गंज का?" मी विचारलं.

 मी बोट लावलं, अंगठ्यावर चोळलं. आणि मग मला भिंग लागलं नाही. रोज सकाळी कपाळाला लावते, मला कळणार नाही होय?

"हे कुंकू आहे!"

यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसायला घेतला.

माझं तोंड सुरू झालं. "हे बघा, आता माझ्यावर ढकलू नका. तुमच्या वस्तूंना मी हात लावत नाही. आणि खंडेनवमीला मी इथे नव्हतेच, लोणी काळभोरला होते. सोजरबाईंनीच..." आणि तिथे माझं तोंड आपोआप थांबलं. कारण डबा यांच्या कपाटात कुलपात असतो. किल्ली यांच्या खिशात असते. आणि यांचे कान लाल झाले होते. या वयात, पार लाल.

"पाणी जरा जास्त झालं," ते म्हणाले.

"तुम्ही?"

"तू दर वर्षी करतेस. या वर्षी तू नव्हतीस. म्हटलं, राहायला नको." चष्मा अजून पुसतच होते. "व्हॉल्व्हच्या डोक्यावर बोट टेकवलं तर ओघळलं खाली. वरचं मी पुसलं होतं नीट. आत गेलेलं दिसलं नाही."

"अहो, पण तुमचा विश्वास नाही ना?"

"माझा नाही. तुझा आहे ना? डबा तुझाच होता."

मी टॉर्च टेबलावर ठेवला आणि मला रडू आलं. या वेळी नळबिळ सोडायला गेले नाही. तिथेच, उकडीच्या पातेल्यासमोर, यांच्या देखत रडले आणि रडता रडता हसायला लागले. हे गोंधळले. "सापडलं ना आता? मग रडतेस कशाला?" म्हणाले. इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता, पण हे त्यांना सांगायचं कसं? मी म्हटलं, "वाफ गेली डोळ्यांत."

मग काय, स्पिरिट आलं, माझा जुना टूथब्रश आला, केस वाळवायचा ड्रायर आला. अर्ध्या तासात खोबण नव्यासारखी पांढरी. परत सगळं जोडलं. यांनी मला खूण केली. मी पातेलं पुन्हा गरम करून डब्याच्या अगदी तोंडाशी नेलं आणि झाकण उचललं. वाफ बसली, डबा ओलसर झाला, यांचा चष्माही धुरकटला. डबा एक अक्षर बोलला नाही. त्या उकडीच्या चकल्या पुढे नीट झाल्या नाहीत, तुटतच होत्या. कोणी तक्रार केली नाही.

शनिवारी पहाटे दवात वाजवून पाहिलं. स्वच्छ. वर येऊन आमोदला नाव कळवलं.

भांडी घासायला सोजरबाई आल्या तेव्हा मी त्यांना हात धरून खुर्चीवर बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, "चुकलं माझं. कुंकू तुम्ही सांडलं नव्हतं. साहेबांनी सांडलं होतं."

"ते म्या बघितलंच की," सोजरबाई चहा फुंकत म्हणाल्या. "साहेब वाटी घिऊन चोरासारकं देवाकडं गेलं. म्हनलं, यास्नी ताप-बीप तर न्हाई आला?"

"मग तेव्हाच सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं व्हय? तुमी नुसतं वरडला."

 त्यांना मी दोन तुटक्या चकल्या आणखी वाढल्या.

दिवाळीची पहाट. हिरवळीवर सतरंज्या, कडेने पणत्या, लोक शाली गुंडाळून बसलेले. तेच तिसऱ्या रांगेतले गृहस्थ या वेळी दुसऱ्या रांगेत होते.  हे डबा घेऊन स्टेजवर आले, माझ्या शेजारी ठेवला, वायर जोडली आणि खिशातून काहीतरी काढून माझ्या हातात दिलं. घरचा कुंकवाचा करंडा.

"लाव," हळूच म्हणाले. "लाकडावर लाव, बाहेरून. कोरडं. आणि खोबणीपासून चार बोटं लांब."

मी चार बोटं मोजून लावलं. माझ्याच जुन्या खणाच्या सागवानावर.

हे खाली उतरून स्टेजच्या कडेला उभे राहिले. मी खूण केली, डबा चालू झाला. स्पीकरमधून काहीच आलं नाही. लोक वाट बघायला लागले. खुसपुस झाली. आमोद घाबरून पुढे वाकला. "काकू, चालू आहे ना?"

"चालूच आहे," हे खालून म्हणाले. "ऐकू येत नाहीये ना काही? तेवढंच तर केलंय मी."

मी गज उचलला.